मुळशी हरली, बारडोली जिंकली: परकी सत्ता निःशस्त्र लोकांपुढे कधी झुकते?

‘चरख्यानं कधी राज्य जातं का?’ हा प्रश्न मराठी घरांत अजूनही जेवताना निघतो, आणि त्याचं उत्तर बहुधा उत्तर देणाऱ्याच्या भिंतीवर कोणाचा फोटो आहे यावरून ठरतं. हा लेख ज्यांना खरोखर ठरवायचं आहे त्यांच्यासाठी आहे. वादविवाद स्पर्धेत बाजू घ्यायची असेल, वर्गात शिकवायचं असेल किंवा एकदा आपल्याच मनाशी काय ते नक्की करायचं असेल, तर टिळक विरुद्ध गोखले, गांधी विरुद्ध सावरकर अशा जोड्या लावून हाती फारसं काही लागत नाही. माणसांऐवजी लढे शेजारी ठेवून बघावेत. तेही शक्य तितके सारखे, म्हणजे तोच काळ, तोच इलाखा, तेच सरकार. मग फरक कुठे पडला ते लपत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना ते तुम्हाला तपासता येईल. परकी सत्तेला पाझर फुटतो म्हणून ती झुकते, यावर माझा विश्वास नाही. तिला जे हवं असतं ते लोकांच्या हातून यायचं असतं. ते हात थांबले की तिची पंचाईत होते. जिथे तिला लोकांच्या हातांची गरजच नसते, तिथे कितीही शूर सत्याग्रह हरू शकतो.

आधी थोडा हिशोब. १९३१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे ३५ कोटी होती. आयसीएस, म्हणजे वरिष्ठ सनदी सेवेतले अधिकारी हजाराच्या आसपास, गोरी फौज साठ हजारांच्या घरात. बाकी सगळा गाडा ओढणारे इथलेच: तलाठी, पाटील, फौजदार, कारकून, स्टेशनमास्तर, टपालवाले, शिपाई. ही गोष्ट गांधींच्या आधी टिळकांनी स्वच्छ मांडली होती. जानेवारी १९०७ मध्ये कोलकात्याच्या भाषणात त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की सारा तुम्हीच गोळा करता, रेल्वे आणि तारयंत्र तुम्हीच चालवता, हे काम करायचं नाही असं ठरवलंत तर राज्यकारभार अशक्य होईल. हत्यार उचला असं त्या भाषणात नव्हतं, बहिष्कार टाका असं होतं. टिळकांना सरसकट ‘सशस्त्रवाल्यांच्या’ खात्यात जमा करणारे हे भाषण सोयीस्करपणे विसरतात, आणि गांधींचे भक्तही विसरतात, कारण त्यांना सगळी सुरुवात दक्षिण आफ्रिकेतून करायची असते.

मावळ आणि सुरत जिल्हा

माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी जोडी ही: मावळातली मुळशी आणि सुरत जिल्ह्यातली बारडोली. दोन्ही लढे मुंबई इलाख्यातले, मध्ये सात वर्षांचं अंतर, दोन्हीकडे शेतकरी, दोन्हीकडे जमीन, दोन्हीकडे शपथ घेऊन उभी राहिलेली गावं.

मुळशीला टाटांच्या वीज कंपनीला धरण बांधायचं होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या कुशीतली सुमारे पन्नास गावं पाण्याखाली जाणार होती, आणि सरकारनं १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा दांडका कंपनीच्या हाती दिला होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. सुरुवातीला काम थांबलं. शिवराम महादेव परांजपे, न. चिं. केळकर, विनायकराव भुस्कुटे अशी पुण्याची मंडळी पाठीशी होती, आणि पुढे होते पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना इथेच मिळालं. काही काळानं काम पुन्हा सुरू झालं. सत्याग्रही अटक होत राहिले, सुटून परत येत राहिले. १९२४ संपेपर्यंत लढा विझला होता. धरण झालं, आणि आजही त्याचं पाणी तिथेच आहे.

बारडोलीत १९२८ साली जमिनीचा सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ठरवलं की स्वतंत्र चौकशी होईपर्यंत एक पैही भरायची नाही. लढा सुरू झाला १२ फेब्रुवारीला. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला, याच गावात काँग्रेस कार्यकारिणीनं चौरीचौऱ्यानंतर देशभरचा कायदेभंग मागे घेतला होता, हा योगायोग बारडोलीकरांच्या लक्षात नसेल असं मला वाटत नाही. सरकारनं जप्त्या सुरू केल्या. म्हशी हाकून न्यायला पठाण आणले. लोकांनी जनावरांसकट स्वतःला महिनोन्‌महिने घरात कोंडून घेतलं, दारांना कुलपं लावली. पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले. जमिनी खालसा झाल्या, लिलाव पुकारले गेले, पण बोली लावायला तालुक्यातून कोणी येईना. जप्तीवाल्याला गाडी मिळेना, वेठीला माणूस मिळेना. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली आणि २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. खालसा जमिनी परत मिळाल्या.

आता दोन्ही शेजारी ठेवा. धैर्यात मुळशी उणी नव्हती. न्यायाच्या दृष्टीनं बघितलं तर मावळ्यांची बाजू जास्तच भक्कम होती, कारण बारडोलीकरांचा काही टक्के जादा पैसा जाणार होता आणि मावळ्यांचं सगळं गावच जाणार होतं. पण सरकारला बारडोलीकडून काय हवं होतं? दरवर्षी सारा. शेतकऱ्यानं पेरावं, कापावं, विकावं आणि पैसे आणून भरावेत. जमीन जप्त केली तरी ती कसणारा आणि विकत घेणारा मिळाला नाही तर सरकारच्या हाती मातीच. मुळशीत कंपनीला हवी होती ती रिकामी दरी. मावळ्याचा सारा नको, त्याचा भात नको, त्याचे श्रमही नकोत, कारण मजूर बाहेरून आणता येत होते. तो तिथे नसणं हेच तिला हवं होतं. ज्याची अनुपस्थितीच समोरच्याला हवी आहे, त्यानं असहकार कोणत्या गोष्टीत करायचा?

दुसरा फरक बोलायला जरा अवघड आहे. मुळशीतल्या पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. मोबदल्याचे आकडे पुढे आल्यावर त्यांचं हित आणि मावळ्यांचं हित एक राहिलं नाही. सावकाराला जमिनीची किंमत मिळत होती, मावळ्याला त्याच्या जगण्याची किंमत कोणी देऊ शकत नव्हतं. सावकार पैसे घेऊन मोकळा झाला की मावळ्याच्या ‘नाही’ला कागदावर अर्थ उरत नव्हता. बारडोलीत जमीन कसवणारा आणि जमिनीचा मालक बहुतांशी एकच होता, पाटीदारांचे जातीचे बांध घट्ट होते, आणि फुटणाऱ्याला गावात पाणी मिळणार नाही ही भीती खरी होती. त्या एकीची दुसरी बाजूही आहे. त्या शेतांत राबणारे दुबळा समाजाचे हाळी पिढीजात बांधलेले मजूर होते, आणि सारा कमी झाल्यानं त्यांच्या पदरात काय पडलं हा प्रश्न तेव्हा फार कोणी विचारला नाही. लढा यशस्वी झाला म्हणजे त्यातली सगळी माणसं जिंकली असं धरू नये.

आणि बापट? डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. या वेळी हातात तलवार आणि पिस्तूल होतं. सात वर्षांची शिक्षा झाली. तरुणपणी पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या घेऊन आलेला, मग निःशस्त्र सत्याग्रह करून पाहिलेला आणि तो हरताना दिसल्यावर पुन्हा हत्याराकडे वळलेला हा माणूस. ‘सत्याग्रह थकला की शस्त्र उरतंच’ असं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की गाडी अडवल्यानंही धरण थांबलं नाही. ज्या कारणानं मुळशीत सत्याग्रह तोकडा पडला, त्याच कारणानं पिस्तूलही तोकडं पडलं. दरीत कंपनीला अडवून धरेल असं मावळ्यांच्या हाती काही नव्हतंच.

एकाच महिन्यात: सोलापूर आणि मिठागरं

मे १९३०. गांधींना अटक झाल्यावर सोलापूरच्या गिरणी कामगारांनी हरताळ पाळला, मिरवणुका निघाल्या, ८ मेला गोळीबार झाला आणि जमावानं पोलीस चौक्या जाळल्या. काही दिवस शहरात सरकार दिसत नव्हतं, स्वयंसेवक चौकांत उभे राहून रहदारी सांभाळत होते. सोलापूरकरांना त्या दिवसांचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण १२ मेला मार्शल लॉ आला तो ३० जूनपर्यंत टिकला. गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिलं गेलं.

त्याच मे महिन्यात कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक चालून गेले, आणि २१ तारखेला गुजरातच्या किनाऱ्यावर धारासणा झालं. रांगेनं पुढे जाणारे, हात वर न करता डोक्यावर लाठ्या झेलणारे लोक अमेरिकी बातमीदार वेब मिलर यानं पाहिले आणि ते वर्णन जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आलं.

लोकांच्या धैर्यात इथेही डावं-उजवं करू नये. फरक सरकारच्या सोयीत होता. सोलापूरसाठी सरकारजवळ तयार वही होती: दंगल, मार्शल लॉ, खटला, फाशी. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. धारासण्याला लाठी चालवणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागत होतं, लंडनमध्येही. जाळलेली चौकी सरकारच्या हातात कोरा चेक देते, हे सोलापूरच्या हुतात्म्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला म्हणावं लागतं.

दांडीच्या लढ्याला मात्र जेवढं श्रेय दिलं जातं तेवढं मी देणार नाही. मागणी होती मिठावरचा कर जावा. तो गेला नाही. १९३१ च्या मार्चमधल्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरतं मीठ बनवायची मुभा मिळाली, कर पुढे अनेक वर्षं चालू राहिला. सारा नाकारणाऱ्यांच्या ज्या जमिनी तोवर विकल्या गेल्या होत्या, त्या त्या करारानं परत आल्या नाहीत. मग मिळालं काय? साठ हजारांहून जास्त लोक तुरुंगात जाऊन आले आणि तुरुंगाची भीती गेली. विदेशी कापडाची आयात घसरली, अर्थात त्यात जागतिक मंदीचाही हात होता. बायका घराबाहेर पडल्या. डोंगरी भागात मीठ नव्हतं तिथे लोकांनी जंगल कायदा मोडला, १० जुलैला पुसदला लोकनायक अण्यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. आणि व्हाइसरॉयला तुरुंगातून सुटलेल्या माणसासमोर बरोबरीनं बसून कलमं ठरवावी लागली. चर्चिल भडकले होते ते या शेवटच्या गोष्टीवर. मिठाचा हिशोब केला तर लढा तोट्यातला दिसतो, सत्तेच्या दराऱ्याचा केला तर नाही.

याच वर्षी २३ एप्रिलला पेशावरला आणखी एक गोष्ट झाली आणि माझ्या मते ती दांडीपेक्षा कमी महत्त्वाची नाही. चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या गढवाल रायफल्समधल्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळ्या चालवायला नकार दिला. समोरून गोळ्या येत असत्या तर त्यांनी नक्कीच झाडल्या असत्या, कोणताही शिपाई झाडतो. समोरच्यांच्या हातात काही नव्हतं म्हणूनच नकाराला जागा झाली. टिळकांनी सांगितलेल्या बहिष्कारात शिपायाचा हात प्रत्यक्ष थांबला तो पेशावरला. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचा उठाव झाला तेव्हा हीच भीती सरकारच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तो उठावही सुरू झाला होता संपातून, निकृष्ट जेवण नाकारण्यातून.

साताऱ्याचा पेच

सातारा कोणत्या रकान्यात घालायचा हे ठरवताना भलेभले गडबडतात. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावला मामलेदार कचेरीवर शांततेनं मोर्चा गेला आणि तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजला तसाच मोर्चा गेला तेव्हा गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह ९ जण जागीच गेले. लगेच इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं प्रतिसरकार उभं राहिलं. शेणोलीला रेल्वेगाडी लुटली गेली, १९४४ मध्ये धुळ्याचा खजिना लुटला गेला, कुंडलला तुफान सेना तयार झाली, खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या पडल्या आणि त्यावरून ‘पत्री सरकार’ हे नाव पडलं. याला अहिंसक म्हणणं म्हणजे थट्टाच.

पण प्रतिसरकारनं केलेलं निम्मं काम बंदुकीशिवायचं आहे. न्यायदान मंडळांत भावकीचे, बांधाचे, सावकारीचे तंटे मिटू लागले. लोक ब्रिटिश कोर्टाची पायरी चढेनासे झाले. हुंडा न घेता, थोड्या खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लागली. दारूला आळा बसला. बंदुकीनं पोलिसांना गावाबाहेर ठेवलं, पण इंग्रजी राज्य गावातून निघून गेलं ते लोकांनी आपला तंटा त्याच्याकडे न्यायचं सोडलं तेव्हा. नुसती शस्त्रं असती तर सातारा १८७९ च्या वासुदेव बळवंतांच्या बंडासारखा काही महिन्यांत संपला असता. फडक्यांचं धाडस कमी नव्हतं. त्यांच्यामागे गावचा रोजचा व्यवहार उभा नव्हता.

म्हणून साताऱ्याचं उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येतं, आणि वापरणाऱ्यानं ते अर्धं वापरलं की समोरच्याला उरलेलं अर्धं फुकटात मिळतं.

गोवा: जिथे सत्याग्रह आपटला

आता अहिंसेच्या बाजूनं बोलणारे सहसा टाळतात ते उदाहरण. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. गोव्याच्या मुक्तीसाठीचा निःशस्त्र लढा तिथून पुढे पंधरा वर्षं चालला. १९५४ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती झाली. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोऱ्यांची तुकडी हद्दीत शिरली. तिच्यात सेनापती बापटही होते, वय ७४. गोऱ्यांना दहा वर्षांची सजा झाली, ते सुटले १९५७ मध्ये. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही एकाच दिवशी गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी सरळ गोळ्या घातल्या. वीसहून अधिक लोक गेले. त्यानंतर नेहरू सरकारनं सामूहिक सत्याग्रह थांबवायला लावला, आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, भारतीय सैन्य आत गेल्यावर.

याचं ठरावीक स्पष्टीकरण असं: इंग्रज सभ्य होते, सालाझार हुकूमशहा होता. अर्धवट खरं. जालियनवाला बाग इंग्रजांचीच, वडूजही त्यांचंच. सालाझारच्या पोर्तुगालात वृत्तपत्रं मुकी होती, संसदेत प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे धारासण्याचं वर्णन लंडनमध्ये जे काम करू शकलं ते लिस्बनमध्ये होणं शक्य नव्हतं, हे मान्य. पण मला मुळशीच जास्त आठवते. १९५५ च्या तुकड्यांमधले बहुतेक सत्याग्रही पुण्याचे, बेळगावचे, मुंबईचे, आणखी लांबचे. ते पोर्तुगीजांना कर देत नव्हते, त्यांच्या कचेऱ्यांत काम करत नव्हते, त्यांच्या खाणींत खणत नव्हते. गोव्याच्या हद्दीत त्यांच्याजवळ नाकारण्यासारखं काही नव्हतं, फक्त अंगावर झेलण्यासारखं होतं. बंदूक धरणारा हातही बराचसा बाहेरचाच होता, पोर्तुगालातून आणि मोझांबिकसारख्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेला. त्यात पन्नासच्या दशकात लोहखनिजाची निर्यात वाढली आणि भारतानं केलेली आर्थिक कोंडी पोर्तुगीजांना पुरेशी जाणवली नाही. गोव्यातले लोक मोठ्या संख्येनं कामं सोडून बसले असते तर गणित वेगळं झालं असतं, पण त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांसारख्या गोव्यातल्या नेत्याला उचलून थेट पोर्तुगालच्या तुरुंगात टाकणाऱ्या राजवटीत तशी संघटना उभी करायला वावच नव्हता.

गोव्याचा सत्याग्रह वाया गेला असं मी म्हणणार नाही. तो नसता तर १९६१ ची कारवाई जगाला नुसतं आक्रमण वाटली असती. पण तेवढ्यानं गोवा मुक्त झाला नाही.

देशाबाहेर डोकावून

हा धागा इतरत्र टिकतो का? घाना, म्हणजे तेव्हाचा गोल्ड कोस्ट, बघा. गोरे वसाहतवाले जवळपास नाहीत, कोकोचं उत्पन्न तिथल्याच शेतकऱ्यांच्या हातात. जानेवारी १९५० मध्ये क्वामे एन्क्रुमांनी संप आणि बहिष्काराची हाक दिली, तुरुंगात गेले, १९५१ ची निवडणूक तुरुंगातूनच जिंकले आणि ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र झाला. अल्जीरियात सुमारे दहा लाख युरोपीय कायमचे राहायला आलेले. त्यांना हवी होती जमीन, आणि ती सोडून जायला त्यांना दुसरं घर नव्हतं. तिथे १९५४ ते १९६२ असं रक्तरंजित युद्ध झालं. दक्षिण आफ्रिकेत १९६० साली शार्पव्हिलला पासविरोधी निदर्शनांवर गोळीबार होऊन ६९ माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं सशस्त्र शाखा काढली. वसाहतवाले मुक्कामाला आलेले असतील तर सत्याग्रहाला बारडोलीपेक्षा मुळशीचीच जमीन मिळते.

जाता जाता आकडेवारीविषयी. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या आणि अहिंसक मोहिमा सशस्त्र मोहिमांच्या साधारण दुप्पट वेळा यशस्वी ठरल्याचं दाखवलं. हा आकडा भाषणात टाळ्या घेतो. मात्र त्या यादीत स्वतःच्याच देशातल्या हुकूमशहाला हटवणाऱ्या मोहिमाही भरपूर आहेत, तेव्हा परक्या सत्तेच्या वादात तो जपून वापरा. त्यांनी सांगितलेलं कारण मात्र उपयोगी आहे. बंदुकीच्या लढ्यात धडधाकट तरुण येतात, बहिष्कारात आजीही येते. माणसं जितकी जास्त आणि जितक्या तऱ्हेची, तितके सत्तेचे हात जास्त थांबतात.

मग बाजू कोणती घ्यायची?

प्रश्न ‘भारताला स्वातंत्र्य अहिंसेनं मिळालं का?’ असा असेल तर मी दोन्ही टोकं सोडेन. दुसऱ्या महायुद्धानं ब्रिटन पिळून निघालं होतं, १९४६ मध्ये फौजेवरचा भरवसा डळमळला होता, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश तापला होता. हे सगळं वजनात धरावंच लागतं. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांच्या तोंडी घालून व्हॉट्सॲपवर फिरणारी वाक्यं मात्र मी पुराव्यात धरत नाही, कोणत्याही बाजूनं. पण युद्धात थकलेलं ब्रिटन भारत सोडून गेलं आणि त्याच सुमारास केनियात मात्र घट्ट बसून राहिलं. नुसत्या थकव्यानं हा फरक उलगडत नाही. तीस वर्षांच्या असहकारानंतर भारतात राज्य चालवायला हवे असलेले हात उसने मिळणं महाग झालं होतं, आणि केनियात गोऱ्यांचे मळे होते.

प्रश्न ‘अहिंसक लढा परक्या सत्तेविरुद्ध यशस्वी होऊ शकतो का?’ असा असेल तर बाजूनं बोला आणि खुशाल ठासून बोला, पण प्रत्येक उदाहरणाआधी स्वतःला विचारा की या सत्तेला या लोकांकडून नेमकं काय हवं होतं. सारा, श्रम, गिऱ्हाईक, शिपाई, की फक्त त्यांची जमीन? जे हवं होतं ते अडवून धरणं लोकांच्या हातात होतं का, आणि महिनोन्‌महिने उपाशी न मरता ते अडवता आलं असतं का? बारडोलीकडे देशभरातून मदत येत होती, हे विसरू नका. उपाशी पोटाचा बहिष्कार चार आठवड्यांत मोडतो. आपल्यातलाच कोणी परस्पर सौदा करू शकत होता का, जसा मुळशीत सावकारानं केला? आणि मार खाल्ल्याची बातमी जिथे पोचायला हवी तिथे पोचत होती का?

बाजूनं बोलायचं तर सुरुवात बारडोलीपासून करा. दांडी मागे ठेवा, कारण तिचं फळ मोजून दाखवता येत नाही आणि समोरचा पहिल्या मिनिटात मीठकर विचारेल. विरोधात बोलायचं आलं तर भगतसिंगांपासून सुरू करू नका. त्यानं टाळ्या मिळतात, मुद्दा पुढे जात नाही. मुळशी आणि गोवा घ्या. दोन्ही ठिकाणी पुढे होता तोच माणूस, सेनापती बापट. समोरचा जर म्हणाला की मुळशीच्या गाडीनंतर बापटांचा निःशस्त्र लढ्यावरचा विश्वास उडाला होता, तर १९५५ ची गोव्याची तुकडी त्याच्यासमोर ठेवा आणि तेव्हाचं त्यांचं वय सांगा.